आज पुण्यात, सायंकाळी सहा वाजता

"आमचं भजन हास्यक्लबाच्या खाली कसं काय छापलंत?" फोनवरच्या बाईंचा आवाज अगदी शांत होता, आणि पुण्यात एवढा शांत आवाज कानावर आला की ऐकणाऱ्याने खुर्चीत नीट बसून घ्यावं. उत्तरेश्वर काशीद नीट बसले. आम्ही वेळेप्रमाणे लावतो, हास्यक्लब सकाळी असतो आणि आपलं भजन दुपारी चारला, असं त्यांनी सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, वेळेचं मला कळतं हो, पण देवाचं आधी यायला नको का? भजन पहाटे ठेवलंत तर सगळ्यांच्या वर येईल, असं उत्तरेश्वरांनी सुचवलं. पलीकडे थोडा वेळ विचार झाला. मग, भजन दुपारचंच राहू दे, पण त्या लोकांना जरा उशिरा हसायला सांगा, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

'दैनिक मुठाकाठ'च्या कचेरीत उत्तरेश्वरांच्या टेबलावर असे फोन रोज यायचे. 'आज पुण्यात' हे सदर ते चालवत होते. शहरात त्या दिवशी कुठे व्याख्यान आहे, कुठे कीर्तन, कुठे पुस्तक प्रकाशन, कुठे मधुमेहींना मोफत मार्गदर्शन, ते सगळं चौथ्या पानावर डाव्या हाताला, बारीक टायपात. आयोजकांच्या चिठ्ठ्यांत 'भव्य', 'दिव्य', 'सुप्रसिद्ध' असे शब्द ओसंडून वाहत असत. उत्तरेश्वर ते सगळे काढून टाकत आणि वेळ, वक्ते, अध्यक्ष, विषय, ठिकाण एवढंच ठेवत. एका कवींनी तर कचेरीत येऊन, माझ्या नावामागचं 'महाराष्ट्राचे लाडके' काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं होतं. जागा कमी आहे, असं उत्तरेश्वर म्हणाले. ते खरंही होतं, पण जागा असती तरी त्यांनी ते काढलंच असतं.

मुठाकाठचा इतिहास लग्नपत्रिकांपासून सुरू होतो. शुक्रवार पेठेत तात्याराव सरंजामे यांचा छापखाना होता. चातुर्मासात लग्नं नसत, त्यामुळे यंत्रं आणि माणसं बसून असत, आणि बसलेली माणसं तात्यारावांना बघवत नसत. म्हणून एका आषाढात त्यांनी दैनिक काढलं. तुळशीचं लग्न लागलं की बंद करायचं, असा बेत होता. पण तोवर अग्रलेखांतून त्यांची दोन वकिलांशी आणि एका नगरसेवकाशी भांडणं जुंपली होती, आणि भांडण अर्धवट टाकून पेपर बंद करणं त्यांना काही शोभेना. पहिल्या अंकाचा अग्रलेख पाणीकपातीवर होता. परवाचाही होता. मधल्या काळात छपाईचे शिशाचे खिळे गेले, ऑफसेट आलं, मग रंग आला. पहिल्या रंगीत अंकात रंग एकावर एक नीट बसले नाहीत आणि गणपतीला दोन सोंडा आल्या. तो अंक पुष्कळांनी अजून देवघरात ठेवला आहे.

तात्यारावांनंतर बापूराव आले आणि बापूरावांनंतर त्यांचा मुलगा तेजस. तेजसने पेठेतली जागा सोडून कचेरी बिबवेवाडीत, एका गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आणली. वर्धापनदिनाला वाचक अजूनही संपादकांना भेटायला, म्हणजे मुख्यतः भेळ खायला येत. फक्त आता येताना खाली एखाद्या गादीवर जरा टेकून, हाताने दाबून बघून, घ्यायची नाही असं ठरवून मग वर येत.

उत्तरेश्वर मूळचे बार्शीचे. खिळे जुळवायला म्हणून आले होते. खिळे गेल्यावर बापूरावांनी त्यांना हे सदर दिलं, आणि त्याचं कारणही तोंडावर सांगितलं: "तू बाहेरचा आहेस, तुझं अजून कुणाशी वाकडं नाही. पुण्याच्या माणसाला दिलं तर तो अर्ध्या संस्था छापणारच नाही." उत्तरेश्वरांनी सगळ्या संस्था छापल्या. एकमेकींतून फुटून निघालेल्या, एकच नाव लावणाऱ्या आणि एकमेकींवर दावे लावलेल्या संस्थासुद्धा एकाखाली एक छापल्या.

एक गोष्ट मात्र मोठी गमतीची होती. पुण्यातले कार्यक्रम संध्याकाळी असतात, आणि दुसऱ्या दिवशीचं 'आज पुण्यात' संध्याकाळीच तयार करावं लागतं. त्यामुळे साऱ्या शहराला रोज कुठे ना कुठे धाडणाऱ्या या माणसाने स्वतः एकही कार्यक्रम पाहिलेला नव्हता. आठवड्याची सुट्टी असे, नाही असं नाही. पण त्या दिवशी सदर दुसऱ्या कुणी लावलं की हमखास दोन प्रतिस्पर्धी ज्योतिषी एकाच सभागृहात एकाच वेळी पडत. म्हणून उत्तरेश्वर सुट्टीच्या दिवशीही तासभर 'नुसतं बघून येतो' म्हणून कचेरीत जात. त्यांची बायको दीपमाला लोणी काळभोरची. ती म्हणायची, "समद्या पुण्याला आवतान धाडता, अन् घरच्या माणसाला न्हाई व्हय?" निवृत्त झाल्यावर रोज जाऊ, असं ते म्हणत. यावर ती भाकरी जरा जोरातच थापत असे.

त्या दिवशी भजनाचा फोन ठेवला आणि तेजसने आत बोलावलं. तिथे निकिता बसली होती. निकिता ही कंपनीची नवी डिजिटल हेड. मुलगी हुशार होती, मनाने चांगली होती आणि कुणालाही सर म्हणायची, चहावाल्यालासुद्धा.

"सर, डोन्ट माइंड," ती म्हणाली, "पण हे वाचतं कोण?"

मग तिने फोन पुढे केला. गेला आठवडाभर तिने 'आज पुण्यात' ॲपवर टाकून पाहिलं होतं. ते दोघांनी उघडलं होतं. त्यातली एक ती स्वतः, आणि दुसरा तेजस, त्याचा अंगठा चुकून लागला होता. तेजसने मान खाली घालून सांगितलं, की एका क्लासची वर्षभराची जाहिरात येतेय, त्यांना चौथ्या पानाची डावी बाजूच हवी आहे, म्हणजे पहिल्या तारखेपासून सदर बंद करावं लागेल. निकिता म्हणाली, आणि सर, तसंही ते हल्ली अर्धंच भरतं, सगळे लोक आमंत्रणं व्हॉट्सॲपवर टाकतात.

सदर बंद होणार हे उत्तरेश्वरांनी कसंबसं ऐकून घेतलं, पण अर्धं भरतं हे त्यांना फार लागलं. महिना संपायला थोडे दिवस आहेत, तोवर लोक वाचतात हे मी दाखवून देतो, मग तरी राहील का, असं त्यांनी विचारलं. तेजस म्हणाला, "बघू, काका." सरंजाम्यांच्या घराण्यात 'बघू'चा अर्थ तीन पिढ्या एकच होता, आणि उत्तरेश्वरांनी त्या तिन्ही पिढ्यांकडे नोकरी केली होती. तरी माणूस आशा धरतोच.

टेबलाशी येऊन त्यांनी उद्याचं सदर पाहिलं. खरंच अर्धं होतं. आणि इथे त्यांच्या हातून ती चूक झाली.

पुण्यात काही आयोजक असे आहेत, की ते वर्तमानपत्राला कार्यक्रम कळवत नाहीत. दरवर्षी त्याच तिथीला, त्याच सभागृहात आपण कार्यक्रम करतो, मग वेगळं कळवायचं काय, असा त्यांचा प्रश्न असतो. छापून आलं नाही तर मात्र ते पुढची चार वर्षं बोलत नाहीत. अशांची गेल्या वर्षीची कात्रणं उत्तरेश्वर काढून ठेवत, आदल्या दिवशी फोन करून यंदाचे वक्ते आणि विषय विचारून घेत आणि मग छापत. त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. रागाच्या भरात, सदर तळापर्यंत भरलेलं दिसावं म्हणून, गेल्या वर्षीची कात्रणं होती तशी लावून टाकली. त्यात शेवटचं होतं: कै. मुक्ताई गोखणकर स्मृती व्याख्यान, वक्ते प्रा. हिंमतराव शितोळे, अध्यक्ष श्रीमती वासंती केतकर, विषय कात्रजचा नळ: काल आणि आज, गुळवणी सभागृह, सायंकाळी सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमालाने पेपर पाहून म्हटलंसुद्धा, आज गावात लईच उठाठेव दिसतीय. उत्तरेश्वर खूश झाले. ती खुशी दुपारच्या चहापर्यंत टिकली. मग आनंद गोखणकरांचा फोन आला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दरवर्षी आईच्या नावाने ते व्याख्यान ठेवत.

"काशीद, माझ्या आईचं व्याख्यान कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

उत्तरेश्वर म्हणाले, म्हणजे काय, आपणच.

"मी बेंगळुरात आहे. दिवाळीपासून मुलाकडे आलोय. यंदा करायचं नाही असं ठरवलं होतं. जिवावर आलं, पण ठरवलं. आणि आज पुण्यातल्या शेजाऱ्यांनी तुमच्या पानाचा फोटो पाठवला, त्यात आईचं नाव. आमच्या चुलतभावाचा उद्योग आहे का हा?"

चुलतभावाचा नव्हे, माझा, असं उत्तरेश्वरांनी सरळ सांगून टाकलं. गोखणकर रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "आता लोक येतील हो. बंद दारापुढे उभे राहतील आणि परत जातील. आईच्या नावाने असं कधी झालं नव्हतं."

फोन ठेवल्यावर उत्तरेश्वरांना पुढचं सगळं दिसू लागलं. लोक बंद दारावरून परत गेले की उद्या तक्रारी येणार, आणि तक्रारी आल्या की सदर पहिल्या तारखेपर्यंतही टिकणार नाही. इतकी वर्षं सांभाळलेलं नाव गोखणकरांच्या आईच्या नावाबरोबरच जाणार. त्यांनी सभागृहात फोन लावून पाहिला, पण तो कुणी उचलेना, तेव्हा ते उठून निकिताकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. निकिता म्हणाली, "मग टेन्शन कशाला, सर? वाचत तर कोणीच नाही ना." एवढं बोलून तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने हेल्मेट उचललं.

निकिताच्या स्कूटरवर मागे बसून उत्तरेश्वर निघाले. घाईघाईत त्यांनी एका पुठ्ठ्यावर 'आजचे व्याख्यान रद्द झाले आहे, क्षमस्व' असं ठळक अक्षरात लिहून घेतलं होतं आणि तो पुठ्ठा छातीशी धरला होता. स्वारगेटच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने तो वाचला आणि कुठलं व्याख्यान, काका, अशी चौकशी केली. कात्रजच्या नळावरचं, पेशव्यांनी ज्यातून शहरात पाणी आणलं त्या, असं उत्तरेश्वरांनी सांगितलं. रिक्षावाला हळहळला. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण रद्द झालं म्हटल्यावर कुणालाही वाटतं तसं त्याला वाटलं.

गुळवणी सभागृहाचं दार बंद नव्हतं. दोन्ही फळ्या उघड्या होत्या, आत दिवे लागले होते, आणि सभागृहाचे रखवालदार दादामियाँ फडक्याने व्यासपीठावरची खुर्ची पुसत होते. दादामियाँचं घराणं तीन पिढ्या त्याच गल्लीत राहत होतं. उत्तरेश्वरांची त्यांच्याशी फोनवर जुनी ओळख होती, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

"कार्यक्रम रद्द आहे," उत्तरेश्वर धापा टाकत म्हणाले.

"असं कसं? पेपरात आलंय."

"ते चुकून आलंय. ते मीच छापतो. मी उत्तरेश्वर काशीद."

दादामियाँनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "काशीदसाहेब, तुम्हीच छापलं, म्हणजे पक्कंच आहे की. मी इथे बुकिंगची वही कधी बघत नाही. सकाळी तुमचा पेपर बघतो आणि खुर्च्या लावतो. गोखणकरसाहेब तर दरवर्षी ऐन वेळेलाच येतात."

यंदा ते येणारच नाहीत, असं उत्तरेश्वर सांगत होते, तेवढ्यात एक आजोबा आले, पुठ्ठा चष्म्याच्या वरून आणि मग खालून वाचला आणि म्हणाले, "फलक चुकलेला दिसतोय. आत खुर्च्या मांडल्यात." आणि आत जाऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले. त्यांच्या मागून आलेल्या दोन बायका फलक न वाचताच आत गेल्या. मग लोक येतच राहिले. उत्तरेश्वर दारात पुठ्ठा धरून उभे होते, आणि लोक त्यांना स्वागताला उभे केलेले गृहस्थ समजून नमस्कार करत होते.

निकिताने एका आजींना गाठलं आणि आजी, तुम्हाला हे कुठून कळलं, असं विचारलं. आजींनी, हिचं सगळं ठीक आहे ना, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं आणि पेपरातून, असं सांगितलं. ॲपवरपण असतं, निकिता म्हणाली. "असेल," आजी म्हणाल्या, "त्यावर चहाचा कप ठेवता येतो का?"

मग वक्ते प्रा. हिंमतराव शितोळे आले. उत्तरेश्वर पुढे होऊन माफी मागणार, तोच प्राध्यापकच बोलले. ते रागात होते, पण वेगळ्याच कारणाने. या आनंदने यंदा मला साधा फोन केला नाही, परस्पर नाव छापलं, असं ते म्हणाले. मग आलात कसे, असं उत्तरेश्वरांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे? छापून आल्यावर न येऊन कसं चालेल? शिवाय विषयही तोच दिलाय, ते एका अर्थी बरंच झालं. गेल्या वर्षी वेळ संपली आणि माझा नळ पद्मावतीपाशीच अडला. लोक वर्षभर रस्त्यात गाठून विचारतायत, पुढे काय झालं म्हणून. आज शनिवारवाड्यापर्यंत नेतो."

अध्यक्षा वासंतीबाई केतकर या निवृत्त मुख्याध्यापिका. आपण आनंदला होकार दिला होता आणि नेहमीप्रमाणे विसरलो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि उशीर झाल्याबद्दल त्याच सगळ्यांची माफी मागत होत्या. असं करता करता सभागृह भरलं. वक्ते होते, अध्यक्ष होते, श्रोते होते, दादामियाँनी सवयीने सांगितलेला चहाही वाटेत होता. फक्त कार्यक्रम करणारा माणूस कुणी नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही दिसत नव्हतं.

अडलं ते प्रास्ताविकापाशी. प्रास्ताविक झाल्याशिवाय पुण्यात वक्ता बोलायला उठत नाही. व्यासपीठावरून दोघेही उत्तरेश्वरांकडे बघू लागले, आणि मग सगळं सभागृहच बघू लागलं. शेवटी दादामियाँनी त्यांच्या हातातला पुठ्ठा हळूच काढून घेतला आणि त्यांना पुढे सरकवलं. उत्तरेश्वर आयुष्यात पहिल्यांदा ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. जन्मभर जे लिहिलं तेवढंच त्यांना आठवलं. "सायंकाळी सहा," ते म्हणाले. "कै. मुक्ताई गोखणकर स्मृती व्याख्यान. वक्ते प्रा. हिंमतराव शितोळे. अध्यक्ष श्रीमती वासंती केतकर. विषय कात्रजचा नळ. गुळवणी सभागृह." आणि ते खाली बसले. मग असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला, की हिंमतरावांना तो अंमळ टोचलाच. इतकं आटोपशीर प्रास्ताविक त्या सभागृहाने कधी ऐकलेलं नव्हतं.

मुक्ताईंची तसबीर गोखणकर दरवर्षी सभागृहाच्या कपाटातच ठेवून जात. दादामियाँनी ती काढून पुसली आणि कोपऱ्यावरून मोगऱ्याचा हार आणून घातला. निकिताने आपण होऊनच बेंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला आणि पहिल्या रांगेत फोन उंच धरून बसली. पडद्यावर आनंद गोखणकर दिसले. त्यांनी आईची तसबीर पाहिली, भरलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला. आपण एवढी वर्षं लिहिलं ते हे होतं, असं उत्तरेश्वरांना वाटलं. नुसती वेळ आणि ठिकाण लिहायचं, आणि लोक खरोखर घरून निघून असे येऊन बसायचे.

हिंमतराव बोलू लागले. उत्तरेश्वर ऐकता ऐकता गुंगून गेले. कात्रजच्या तलावातून पाणी निघालं, चुन्याच्या बांधकामातून वळणं घेत पुण्याकडे सरकू लागलं. ते पद्मावतीजवळ येऊन पोचलं आणि उत्तरेश्वर एकदम ताडकन उठले. उद्याचं 'आज पुण्यात' लावायचं राहिलं होतं. निकिताला खुणेनेच सांगून ते वाकून, कुणाच्या पायावर पाय पडू न देता बाहेर आले आणि रिक्षा करून कचेरीत गेले. आभार निकिताने मानले आणि चहा मुठाकाठतर्फे असल्याचं तिने मराठी आणि इंग्रजीत मिळून जाहीर केलं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी एकही तक्रार आली नाही. बाकीच्या संस्थांनीही यंदा गेल्या वर्षीचेच वक्ते बोलावले होते. निकिता मात्र सकाळीच तेजसच्या खोलीत घुसली. उत्तरेश्वर बाहेरून ऐकत होते. हॉल फुल होता सर, मी काउंट नाही केला पण लोक उभे होते, असं ती तावातावाने सांगत होती. पोरगी आपल्यासाठी भांडते आहे हे ऐकून उत्तरेश्वरांना बरं वाटलं. तेजसने सगळं ऐकून घेतलं आणि उत्तरेश्वरांनाही आत बोलावलं.

"काका, मलाही वाईट वाटतंय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "हॉल भरला असेल. पण त्या हॉलमधले निम्मे लोक शेजाऱ्याचा पेपर वाचतात. एक अंक अख्खी सोसायटी फिरतो. क्लासवाल्यांशी बोलणं झालंय, आता मागे फिरता येणार नाही."

म्हणजे सदर गेलं. ॲपवर राहील, तिथे 'इंटरेस्टेड' असं बटण देऊ, असं ठरलं. उत्तरेश्वरांना जाहीर नोटिसांच्या टेबलावर बसवलं. गहाळ झालेली कागदपत्रं, बदललेली नावं, जमिनीचे वाद. वेळ सकाळी दहा ते पाच. पहिल्या तारखेला चौथ्या पानावर डाव्या हाताला क्लासमधल्या गुणवंत मुलांचे फोटो आले. वाचकांची पत्रं आली. त्यातल्या एकाने लिहिलं, "आपण 'आज पुण्यात' बंद केलेत. संध्याकाळी घरी बसावे लागत असल्यामुळे आता आपला बाकीचा अंकही वाचावा लागतो. याला जबाबदार कोण?" सगळे हसले. उत्तरेश्वरही हसले, आणि मग पाणी प्यायला म्हणून उठून गेले. त्यांना फार वाईट वाटत होतं. वय झाल्यावर असं होतंच, असं ते मनाला समजावत होते, पण ते मनाला पटत नव्हतं.

चिठ्ठ्या मात्र येत राहिल्या. ज्यांना सदर बंद झाल्याचं कळलं नव्हतं, ते पोस्टाने पाठवत. उत्तरेश्वर त्या वाचत, नकळत 'भव्य' आणि 'दिव्य' खोडत आणि मग छापायला जागा नाही हे आठवून पेन खाली ठेवत. एके दिवशी पोस्टकार्ड आलं. धनकवडीच्या एका छोट्या संगीत वर्गाने कु. सृष्टी वाघ हिचं गायन ठेवलं होतं, आजच, सायंकाळी सहा वाजता. कार्डात खोडण्यासारखा एकही शब्द नव्हता. खाली फक्त 'कृपया प्रसिद्धी द्यावी' असं होतं. उत्तरेश्वर बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसले. मग पाच वाजले, आणि ते घरी गेले.

दीपमाला भाजी निवडत होती. चल, कार्यक्रमाला जाऊ, असं ते म्हणाले. तिने भाजी बाजूला ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटत न्हाई का?" बरं वाटतंय, ते म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, पण ती उठली आणि लग्नाकार्याला नेसायची साडी नेसून आली. एवढी भारी साडी कशाला, असं विचारण्याची उत्तरेश्वरांची हिंमत झाली नाही.

संगीत वर्ग म्हणजे एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल होता. दारात एक बाई गुलाबपाण्याची दाणी घेऊन उभ्या होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होत्या. आत खुर्च्या भरपूर होत्या. शेवटच्या रांगेत चार-सहा माणसं बसली होती, त्यांच्यात एक तान्हं मूलही होतं. समोर सतरंजीवर एक मुलगी तानपुरा मांडून, खाली मान घालून बसली होती. तबलजी फोन बघत होता.

"या, या," दारातल्या बाई म्हणाल्या. "आपण सृष्टीच्या आईकडचे का?"

"नाही," उत्तरेश्वर म्हणाले.

"मग वडलांकडचे?"

"आम्ही कुणाकडचेच नाही. गाणं ऐकायला आलोय."

त्यावर बाईंनी दोघांवर इतकं गुलाबपाणी शिंपडलं की दीपमालाने पदराने तोंड पुसलं. आणि बाई स्वतः त्यांना घेऊन रिकाम्या खुर्च्यांमधून पार पुढे गेल्या, पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. हितं चालतं का आपल्याला, असं दीपमालाने हळूच विचारलं. चालतं, उत्तरेश्वर म्हणाले.

सतरंजीवरच्या मुलीने मान वर केली. समोर दोन अनोळखी माणसं बसलेली पाहून तिने ओढणी नीट केली, पाठ ताठ केली, आणि तबलजीला फोन ठेवून तबला पुन्हा एकदा नीट लावून घ्यायला सांगितलं.